मधले तीन रिकामे बाइट

नववीत शाळा सुटली तेव्हा कॉम्प्युटर मी भोकरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात लांबूनच बघितला होता. मोबाईल दुरुस्त करत करत लातूरला आलो आणि धान्यातला ओलावा मोजायची मशीन बनवणाऱ्या एका लहान वर्कशॉपात चिकटलो. घेतलं होतं सोल्डरिंगला. वर्कशॉप चालवणाऱ्या मॅडमनी हळूहळू सी, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, शिकवली. का शिकवली, हे भीतीनं कधी विचारलं नाही. विचारलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ह्याच्याकडं दहावीचंही सर्टिफिकेट नाही, तर?

त्या हंगामात मुरुडच्या एका आडत्याकडं आमचं मशीन लावलं होतं. मशीनच्या पडद्यावर सोयाबीनचा ओलावा अकरा टक्के दिसायचा आणि कॉम्प्युटरच्या पावतीवर भलतंच. कधी शून्य, कधी लाखातला आकडा. आडत्यानं एक दाणा दाताखाली कडकन फोडला.

"इंजिनेरसाब, दाणा कडक हाय. तुमची पावती म्हंती ह्याच्यात मांजरा नदी वाहून राहिली."

जमलेले शेतकरी हसले.

"सोमवारपस्तोर नीट करा, न्हाईतर उचला."

मशीन परत आलं तर त्याच्यामागं मीही घरी जाणार, हे मी धरूनच चाललो. त्याच संध्याकाळी आईचा फोन. "कवा येऊन राहिलास?" तिला सणाचं विचारायचं होतं. मला वाटलं, मशीनची बातमी तिच्यापर्यंत पण गेली.

आमच्याकडं काहीही बिघडलं की पहिलं नाव लाइटचं. व्होल्टेज वरखाली होतंय म्हणून स्टॅबिलायझर लावला. अर्थिंग नाही म्हणून दुकानामागं खड्डा खणून मीठ-कोळसा भरला, वरून पाणी ओतलं. "आता नारळ बी फोडा," आडत्या म्हणाला. पावती तशीच.

"खड्डे बास," मॅडम म्हणाल्या. "मशीनकडून वायरीतून काय येतंय ते एकेक बाइट छापून बघ. अंदाज नको."

छापलं. पहिला बाइट मालाचं अक्षर, सोयाबीनचा एस. तूर-हरभराही मोजायचाय असं आडत्या म्हणाल्यावर ते नुकतंच घातलं होतं. त्याला लागून चार बाइट ओलाव्याच्या आकड्याचे. सगळं जागच्या जागी! मग तेच स्ट्रक्चर, म्हणजे एका नोंदीचा कोडमधला साचा, दोन्हीकडं मोजलं. मशीनवर पाच बाइट, कॉम्प्युटरवर आठ. कोड अक्षरन् अक्षर तोच.

"मॅडम, माझा हात लागून काही झालं असेल तर..."

"अरे बाबा, घाबरतो कशाला? बस इथं."

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर एका बाइटला एक अशी घरं आखली. कॉम्प्युटरचा कंपायलर, म्हणजे कोड त्याच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, चार बाइटांचा आकडा चारच्या पटीतल्या पत्त्यावर ठेवतो, म्हणून अक्षरानंतर तीन घरं रिकामी सोडतो. मशीनची लहान चिप सोडत नाही, सलग भरते. पाठवणारा सलग पाठवत होता, घेणारा तीन घरं ओलांडून वाचत होता, आणि प्रत्येक नोंदीला गोंधळ पुढं सरकत होता.

"अक्षर घालताना माझ्याही डोक्यात आलं नाही," त्या म्हणाल्या. "ह्या खड्ड्यात सगळेच पडतात."

"मग कॉम्प्युटरवर स्ट्रक्चर पॅक्ड करू? घरं सुटणारच नाहीत."

"आज चालेल. उद्या चिप बदलली तर? काही चिपा अडनिड्या पत्त्यावरचा आकडा वाचतच नाहीत, जागीच बंद पडतात. आपण एकेक बाइट ठरलेल्या जागेवरून उचलू. लिही तू."

मी लिहिलं. चुकलो की त्या नुसतं "हं?" म्हणायच्या. स्वतः कीबोर्डाला हात लावला नाही.

सोमवारी मुरुड. पडद्यावर अकरा, पावतीवर अकरा. दुसरा ढीग, पडद्यावर चौदा, पावतीवर चौदा. आडत्यानं त्यातलाही दाणा चावून बघितला. तो दाताखाली चेपला.

"जमलं. ऱ्हाऊ द्या मशीन."

परतीच्या एसटीत मॅडम शेजारीच बसल्या होत्या. धीर करून विचारलं, "मॅडम, मग मी... राहू ना?"

त्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर माझ्याकडं वळल्या.

"कुठं जाणार होतास? उद्या तुरीचे नमुने घ्यायचेत, लवकर ये."