तात्या पान चोळून सांगायचे

बागखात्यात नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से साठतात, ते काही त्याच्या हुशारीमुळे नव्हे. लोक आपली झाडं दाखवायला येतात आणि झाडाच्या आडून घरातलं सगळं सांगून जातात. आपण फक्त ऐकायचं. मी चार वर्षं ऐकलं. अजूनही मित्रमंडळी जमली की कुणीतरी म्हणतं, "काढ रे एखादा पिंपरीचा!" मी काढतो, ते हसतात. सुरुवातीचे हसण्यासारखे आहेतच. पुढचे मी सहसा सांगत नाही. आज सांगतो.

*

तेव्हा पन्नासची सालं सरत आली होती. पिंपरीच्या माळावर इंजेक्शनच्या औषधाचा कारखाना आणि त्याची कॉलनी नुकतीच उभी राहिली होती. मी शेतकीचा डिप्लोमा घेऊन तिथे बागेचा सुपरवायझर म्हणून लागलो. हाताखाली सात माळी आणि त्यांचे मुकादम गेनूतात्या, चिंचवड गावठाणातले. पहिल्याच दिवशी मी त्यांना खताचं प्रमाण समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डिप्लोमावाले, हे झाडांना म्हाईत हाय का?"

कॉलनीतल्या लोकांनी बागेविषयीच्या शंका दर रविवारी सकाळी रोपवाटिकेच्या शेडमध्ये विचाराव्यात, असा मॅनेजरसाहेबांचा हुकूम होता. शेडच्या पाटीवर नाव माझं होतं. रांग तात्यांच्या बाकड्यासमोर लागायची. तात्या पान हातात घेत, दोन बोटांत चोळत, नाकाशी नेत आणि सांगून टाकत.

*

सगळ्यात जास्त यायची ती एकच शंका. "पानं पिवळी पडतात, काय करू?"

परभणीकडची द्वारका नावाची एक तरणी बाई होती. नवरा बॉयलरवर. तिने तुळस आणली, मुळापासून कुजलेली. तात्यांनी विचारलं, "पानी किती घालता, बाई?"

"सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन."

"तुळशीला?"

बाई खाली बघून म्हणाली, "आमच्याकडं कोसावरून घागर आणावं लागतंय बगा. हितं नळ सोडला की बंद करू वाटंना."

रांगेत बार्शीची, बीडची, जतची माणसं होती. एरवी हसली असती. त्या दिवशी कुणी हसलं नाही. त्या वर्षी निम्म्या कॉलनीची झाडं पाण्यानेच मेली आणि ती कशाने मेली हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तात्यांनी तिला नवी तुळस दिली आणि सांगितलं, "हिला वाटीनं द्या. नळ लेकराच्या अंघोळीला सोडा."

*

दुसरा किस्सा पॅकिंगमधल्या एका ऑपरेटरचा. त्याचा गुलाब आठवड्याभरात खालून वरपर्यंत काळा पडला. तो कुंडीच घेऊन आला. तात्यांनी चिमूटभर माती नाकाशी धरली. "कुंडीचा दवाखाना केलास का रं?"

ऑपरेटर घाबरलाच. फुटलेल्या बाटल्यांतली पावडर त्याने पाण्यात कालवून मुळाशी घातली होती. म्हणाला, "तात्या, आमच्या औषधानं मरायला टेकलेलं माणूस उठून बसतंय. मग गुलाब का नाही?"

"माणसाला भूक लागल्यावर तू औषध देतोस का? ह्याला शेणखत पायजे हुतं."

असे त्या साली पाच-सहा जण निघाले. जगात दुसरीकडे कुठे गुलाबाला इंजेक्शनचं औषध पाजलं असेल असं मला वाटत नाही. ती माणसं मूर्ख नव्हती. कारखान्यात रोज चमत्कार बघायचे, थोडा घरी न्यावासा वाटायचा. झाडं मात्र मरायची.

*

मला तात्यांच्या त्या चोळण्याचं फार कौतुक होतं. ही पिढ्यान् पिढ्यांची विद्या आहे, असं मी डायरीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं. डिप्लोमावाल्याला काय कळणार!

एकदा पाहुण्यांसाठी मॅनेजरसाहेबांनी लाल गुलाब मागवले. तात्यांनी पांढऱ्यांची परडी भरून दिली. साहेबांनी मला फैलावर घेतलं. मी चिडून शेडमध्ये आलो आणि तात्यांना काय वाट्टेल ते बोललो. तात्या खुरपं पुसत बसले होते. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "तांबडं-पांढरं आता न्हाई कळत. सावली दिसती. तुमीबी सावलीच दिसता."

काचबिंदू होता. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून झालं होतं. गेलेली नजर येत नाही आणि उरलेलीही जाणार, असं सांगितलं होतं. त्यांची बायको अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. कारखान्याच्या दवाखान्यातून तिला औषध मिळायचं, नर्स घरी येऊन बघून जायची. तात्यांची नोकरी गेली की क्वार्टर जाणार आणि तिचं औषधही बंद होणार.

"कुनाला बोलू नका," तात्या म्हणाले. "ती हाय तवर."

मी बोललो नाही. पानं तर ते डोळे मिटूनही ओळखत होते, मग बिघडतंय कुठे, अशी मी माझी समजूत घातली.

*

पावसाळ्याआधी सगळ्यांची डॉक्टरी तपासणी निघाली. डोळ्यांसकट. अडाणी कामगारांसाठी दवाखान्यात एक तक्ता असायचा. त्यावर तीन दातांच्या फणीसारख्या खुणा, आणि दात कुठल्या दिशेला आहेत ते सांगायचं. कंपाउंडरला गाठून मी तो उतरवून आणला. मग रोपवाटिकेच्या एका वाफ्यात ओळीने काटक्या रोवून तस्साच्या तस्सा मांडला. तात्या तो हाताने चाचपून पाठ करायचे. वर, डावी, खाली, उजवी. बाकीच्या माळ्यांना वाटलं, डिप्लोमावाल्याने काढलेली नवी लागवड असणार.

तपासणीला मी मुद्दाम बरोबर गेलो. तात्यांनी एक डोळा झाकला आणि सहाच्या सहा ओळी न अडखळता म्हणून दाखवल्या. एकही चुकली नाही.

भिंतीवर नवा तक्ता होता. त्यावर होडी, छत्री आणि किल्ली होती.

डॉक्टरांनी त्यांना मध्ये थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे एकदा बघितलं. मग कागदावर काहीतरी लिहीत म्हणाले, "तात्या, आमच्या जास्वंदीला मुंग्या फार झाल्यात. काय करावं?"

"आधी मावा बघा, साहेब. पानाच्या पाठीला असंल. मुंग्या त्येच्यासाठी येत्यात."

डॉक्टरांनी शिक्का मारला. कागद माझ्यापुढे धरला. त्यावर 'कामास योग्य' असं होतं. बाहेर आल्यावर तात्यांनी विचारलं, "बराबर सांगितलं ना?" मी म्हटलं, "सगळं बरोबर." त्या दिवशी आम्ही दोघांनी चहा घेतला. मी फार खुशीत होतो.

*

आता पुढचं.

एका रविवारी ती तुळशीवाली द्वारका पानांची जुडी घेऊन आली. तिच्या तीन वर्षांच्या लेकराला खोकला झाला होता. शेजारणीने अडुळशाचा काढा सांगितला. हिने अडुळसा कधी पाहिलेला नव्हता, म्हणून चिंचवड स्टेशनच्या बाजूने रुळाकडेला जे जे तसं वाटलं ते तोडून आणलं. मला ऑफिसात बोलावणं आलं होतं. रांग मोठी होती. तात्यांनी वरची दोन पानं चोळली, वास घेतला आणि म्हणाले, "अडुळसाच हाय. उकळून द्या."

मी परत आलो तेव्हा ती निघून गेली होती. जुडीतलं एक पान बाकड्यावर पडलेलं दिसलं. ते धोतऱ्याचं होतं.

मी पळत सुटलो. तिच्या क्वार्टरपाशी पोचलो. काढा वाटीत निवत ठेवला होता. लेकरू वाटीशेजारी बसून त्यात फुंकर घालत होतं. मी वाटी उचलून मोरीत ओतली. बाईला म्हटलं, "पानं शिळी होती, ताजी देतो." रोपवाटिकेच्या कुंपणाला अडुळसा होता, त्याची स्वतः तोडून नेऊन दिली. खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही. ते आजतागायत झालेलं नाही.

शेडमध्ये आलो तर रांग संपली होती. तात्या एकटेच बाकडं चाचपत होते. ते पान त्यांच्या हाताला लागलं. त्यांनी चोळलं, नाकाशी नेलं, आणि हात तसाच राहिला.

"प्यालं का?"

"नाही."

"वरचीच दोन बघितली मी," तात्या म्हणाले. "खालची न्हाई बघितली."

दुसऱ्या दिवशी ते भिंतीला हात लावत लावत एकटेच दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, "त्यो कागद फाडा, साहेब." डॉक्टरांनी बायकोच्या औषधाचं काय करणार म्हणून विचारलं. तात्यांनी पुन्हा तेच सांगितलं, असं कंपाउंडर सांगत होता. संध्याकाळी मीही त्यांच्या क्वार्टरवर त्यांना अडवायला गेलो. किती बोललो ते आठवत नाही. इतकं आठवतं की त्यांचं बरोबर आहे हे कळत असूनही मी बोलत होतो, आणि माझी मलाच लाज वाटत होती.

*

महिन्याअखेरीला त्यांनी क्वार्टर सोडलं. पुतण्या गावठाणातून बैलगाडी घेऊन आला होता. गाडीत गवत पसरून त्यावर बायकोला निजवलं. वर गोधडी घातली. तिच्या उशाशी औषधाची शेवटची बाटली होती. माळी सगळे उभे होते.

तेवढ्यात द्वारका लगबगीने आली. कडेवर लेकरू, हातात नारळ आणि गुळाचा खडा. तिने तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"तात्या, तुमी पानं बघून दिली म्हनून लेकरू वाचलं बगा. तीन दिसात खोकला गेला."

तात्यांनी नारळ घेतला नाही. माझ्या दिशेने मान वळवली. मी खाली बघत होतो. त्यांना ते दिसलं नसणार. मग त्यांनी हात पुढे केला, लेकराचा चेहरा सापडेपर्यंत हवेत फिरवला, आणि कपाळावरून, नाकावरून, हनुवटीपर्यंत सावकाश बोटं नेली. लेकरू गुदगुल्या होऊन हसायला लागलं.

"बाई," तात्या म्हणाले, "मोठा झाला की ह्येला पानं वळखायला शिकवा. डोळ्यानं."

"शिकवते की," ती म्हणाली, आणि नारळ तिने गाडीत ठेवून दिला.