कार्डाच्या कपाळी विभूती

शुक्रवार पेठेतल्या गंगम्माचं आजवर काही म्हणजे काही चुकलेलं नाही. सगळी गल्ली जाणते. भाकरी करपली तर गॅसच मेला जास्त, पाहुणे दुसऱ्याच्या दारात गेले तर पाहुणेच खुळे. नवरा निंगप्पा यांनी वाद घालायचा नाद केव्हाच सोडला होता.

अशी बाई सुनेच्या बाजूनं उभी राहिल्यावर घरात कुणाची टाप आहे बोलायची? सून महेश्वरी टॉवेल-चादरींची डिझाइनं काढते. इतकी वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात मान मोडून काढली. आता घरी स्वतःचं काम सुरू करायचं तिनं ठरवलं, आणि त्यासाठीचा कॉम्प्युटरही स्वतःच जोडणार म्हणाली. निंगप्पांचं म्हणणं, सात रस्ता चौकात दुकानं काय कमी आहेत? तयार आणावा आणि बटण दाबावं. गंगम्मा म्हणाली, पोरगी हुशार हाय, जोडंल. विषय संपला.

सुटे भाग आले. नवी वस्तू पुजल्याशिवाय वापरायची नाही, हा या घरचा नेम. मग तो मिक्सर असो की मोटारसायकल. महेश्वरी चहा टाकायला गेली तेवढ्यात गंगम्मानं सगळे भाग पाटावर मांडले, तीन बोटं ओल्या विभूतीत बुडवून एकेकाला पट्टे ओढले, वर फूल वाहिलं. सून येऊन बघते तर हे! तिनं दिसलं तेवढं पुसून घेतलं आणि जोडणीला लागली.

यंत्र उभं राहिलं. बटण दाबलं, पंखे गरगर फिरले, दिवे लागले, आणि पडदा काळा ठिक्कर.

वायर बदलून झाली. रॅम काढून परत घातली. घरातल्या टीव्हीला जोडून पाहिलं, तोही काळाच. आतल्या मुख्य बोर्डावर एक बारका पांढरा दिवा तेवढा जळत राहायचा. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारा भाग, लागत नाही अशी ती खूण, असं महेश्वरी म्हणाली. गंगम्माला आपला देव्हाऱ्यातला दिवाच आठवला, तिनं हात जोडले.

पंचाईत अशी, की भवानी पेठेतले टॉवेल कारखानदार महादेवप्पा त्याच संध्याकाळी तिची डिझाइनं बघायला यायचे होते. त्यांचं काम मिळालं तर महेश्वरीचा जम बसणार. नाहीतर सोमवारपासून परत जुन्या ऑफिसात जा, असं निंगप्पा बोलून मोकळे झालेच होते. गंगम्मा नुसती आत-बाहेर करत होती. सुनेसाठी शब्द तिनं टाकला होता ना!

शेवटी महेश्वरीनं कार्ड बाहेर काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. कार्डाच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, ती बोर्डाच्या फटीत बसते. त्या दातांवर पांढरं काहीतरी वाळून घट्ट बसलं होतं. नीट तीन पट्टे.

ते गंगम्माच्याच बोटांचे होते. त्या काळ्या वस्तूला तोंड कुठलं, पाठ कुठली, तिला कळलंच नव्हतं. सोनं दिसतंय म्हणजे कपाळ इथंच असणार असं धरून तिनं सढळ हातानं फासलं होतं.

महेश्वरीनं एकदा सासूकडं पाहिलं. मग खोडरबर घेऊन दात हलक्या हातानं घासले, फडक्यानं पुसले, कार्ड बसवलं. बटण दाबलं आणि पडद्यावर रंग उमटले. अय्यो शिवने! गंगम्मानं शिवाला हात जोडले, तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात निंगप्पा महादेवप्पांना घेऊन आत आले. खोलीभर वायरी, स्क्रू, उघडं खोकं. काय बिघडलं होतं, असं महादेवप्पांनी विचारलं.

"माझीच चूक," महेश्वरी म्हणाली. "कार्ड नीट बसवलं नव्हतं."

मी म्हणालोच होतो, तयार आणावा, हे निंगप्पांनी लगेच सुरू केलं. महादेवप्पांचा चेहरा उतरला. ऐन घाईत असं झालं तर आम्ही जायचं कुठं, असं ते हळूच म्हणाले. खुर्ची पुढं केली तरी बसेनात.

गंगम्मा गप्प राहिली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं. सून तर जन्मात बोलली नसती. तेच तिला सोसेना.

"तिची न्हाय, माझी चूक हाय," ती म्हणाली. "पूजेची इभूत मी कार्डाच्या दातावर फासली. हिनं जोडलेलं सगळं बरोबर होतं. मी केलेलं बी हिनंच शोधून काढलं, आन् वर माझ्यासाठी खोटं बोलली."

मग महादेवप्पांना हसू फुटलं. आमची मंडळी तर खंडेनवमीला यंत्रमागाच्या मोटारीवर नारळाचं पाणी ओततात, म्हणत ते खुर्चीत बसले आणि डिझाइन दाखवा म्हणाले.

निंगप्पा बायकोच्या जवळ सरकले. "काय म्हणालीस? परत एकदा म्हण की."

गंगम्मानं त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. महेश्वरीनं आपल्या शेजारी एक स्टूल ओढलं होतं आणि पडद्यावरची नजर न हलवता ती सासूला म्हणत होती, "अव्वा, बसा की इथं. पहिलं डिझाइन तुम्ही बघायचं."