न पावलेला नवस
संकष्टीला ओल्या नारळाचा वास आला की मला लेण्याद्रीच्या पायऱ्या आठवतात. बायकोला बरं वाटावं म्हणून मी पाच नारळांच्या तोरणाचा नवस बोललो होतो आणि केमो चालू असतानाच तिला डोलीतून दर्शनाला नेत होतो. निम्म्या वाटेवर डोली टेकवून डोलीवाले पाणी प्यायला गेले. खाली कांद्याची रानं उन्हात पसरली होती. ती म्हणाली, "अहो, खरं सांगू? माझा देवावर इस्वास न्हाई राहिला. तुमी खचू नये म्हणून आले." मी पायरीवर बसलो. "माझाही नव्हता. तुला धीर यावा म्हणून बोललो." ती खोकला येईस्तोवर हसली. "म्हंजे दोघांनी मिळून देवाला फसवलं. बरं हाय, इथल्या गणपतीची पाठच असती आपल्याकडं, त्याला दिसायचं न्हाई." मग आम्ही पहिल्यांदा मरणाबद्दल बोललो. तिला मी एकटा नीट जेवणार नाही याची भीती वाटत होती, मला तिच्याशिवायच्या घराची. डोलीवाले परतले तेव्हा ती म्हणाली, "मी न्हाई राहिले तरी तोरण बांधा." "न पावलेला नवस कोण फेडतं?" "आज खरं बोललो ना आपण? तेवढा पावला की." दिवाळी तिनं पाहिली नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर मी तोरण घेऊन पायी चढलो. पुजाऱ्यानं विचारलं, "नवस पावला वाटतं, भाऊ?" मी होय म्हणालो आणि पाचही नारळ त्याच्या हातात दिले. अजून जेवायला बसलो की ताट पुरतं संपवतो.