राक्षसाच्या पाठीवरची चेन

लहानपणी माझी बोबडी वळवणारा विज्ञानमालिकेचा एक जुना भाग परवा मुलीला कौतुकाने दाखवला, तिथेच चुकलो. परग्रहावरच्या राक्षसाच्या पाठीवर चक्क चेन दिसत होती.

"बाबा, याला घाबरायचात तुम्ही?" मुलगी म्हणाली.

आधी मला संशय आला, की कुणीतरी भागच बदलला असावा. मग तो संशय हळूहळू माझ्या आठवणींकडे वळला. त्यांच्याही पाठी मी कधी नीट पाहिल्या नव्हत्या. बघण्याच्या कार्यक्रमात बायको माझ्याकडे एकटक पाहत राहिली होती, या एका आठवणीवर तर मी संसार केला. न राहवून तिला विचारलंच.

"तुमच्या मिशीत पोहा अडकला होता," ती म्हणाली. "सांगावं की नाही या विचारात होते, तेवढ्यात आमच्या वडिलांनी मुलीची पसंती आहे म्हणून सांगून टाकलं."