काळ्या दारातली अक्का

धुळ्याची एसटी गाठायला मी घरातून निघाले तेव्हा आई फाट्यापर्यंत आली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिच्यामागे चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या भिंती. अंगणातून वळून पाहिलं तर चेहरा दिसेना, लुगडं दिसेना, नुसता एक हात हलत होता. "तथचं पानी गायून पेजो वं," तिथलं पाणी गाळून पीत जा, एवढं ऐकू आलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, लग्नाला जेमतेम महिना झाला होता. रावेरकडच्या आमच्या गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या ट्रंक उचलून निघून गेलेल्या तुम्हा सगळ्या चुलत-मानलेल्या बहिणींसाठी हे लिहिते आहे. आई माझ्याकडे राहिली तेव्हा काय झालं, असं तुम्ही विचारत असता, आणि मी "वय झालं होतं" म्हणून वेळ मारून नेते.

नव्वद साल उलटल्यावर आम्ही धुळ्यातच, देवपुरात घर बांधलं. आमचे हे नरडाण्याला कारखान्यात, रोजच्या बसने जाणार-येणार. त्यामुळे रंगाफरशीचा कारभार माझ्याच गळ्यात पडला आणि मला तो मनापासून आवडला. त्या वर्षी गल्लीत सगळ्यांची स्वयंपाकघरं बदामी आणि मोतिया झाली होती. अशा ठिकाणी मला परक्याच्या घरी पंगतीला बसल्यासारखं अवघडायला व्हायचं. आग्रा रोडवरच्या शेठने सनमायकाच्या नमुन्यांचा झुबका माझ्यापुढे टाकला. मी एक एक उलटत गेले आणि एका तुकड्याशी हात थांबला. कॉफीपेक्षा गडद, काळ्याच्या अलीकडचा. नाव नव्हतं, मागे फक्त नंबर.

"वहिनी, डार्क घ्यायचा तर चकचकीतच घ्या," शेठ म्हणाला. "मॅट घेतला तर घर झोपलेलं दिसतं."

मिस्त्री धुळ्याचाच. त्याचं म्हणणं, दारं गडद तर ओटा तरी उजळ ठेवा. मी ऐकते कुठली! काळा ग्रॅनाइट, राखी टाइल्स आणि कपाटांना पितळी मुठी. स्टीलच्या मुठी त्याने तीनदा आणून दाखवल्या, मी तीनदा परत पाठवल्या. सगळं बसून झालं, मिस्त्रीने फडकं फिरवलं आणि मी मागे सरून पाहिलं तेव्हा कळलं की मी काय निवडलं होतं. आमच्या गावच्या भिंतीची काजळी आणि फळीवरची आईची पितळी भांडी. मला फार आनंद झाला, आणि तरी अंगावर काटाही आला.

दोन वर्षांनी आई अंगणात पडली. पाय सांधला, पण एकटीने राहणं शक्य नव्हतं. मी एकुलती एक, वडील केव्हाच गेलेले. केळीचा मळा चुलतभाऊ वाट्याने करायचा. घराला कुलूप लावून आईला मी देवपुरात आणलं. खरं सांगायचं तर मधल्या वर्षांत मी माहेरी फार थोड्या वेळा गेले होते. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साऱ्या लेकी माहेरी जातात, मी मात्र कधी मुलांच्या परीक्षा, कधी घराचं बांधकाम अशी कारणं कळवत राहिले. ती सगळी भरपाई आता करू, असं मी मनाशी ठरवलं होतं.

आईला खुर्ची चालत नसे. ओट्याखालच्या कपाटासमोर पाट टाकून ती दिवसभर बसायची. चौथ्या की पाचव्या दिवशी तिने विचारलं, "ही कोन बाई हाये वं?"

"आई, तूच ती. दार चमकतं ना, त्यात दिसतेस."

"मी इतकी म्हतारी नही," ती म्हणाली. मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी तिने त्या बाईला ओळखलं. ती अक्का होती. अक्का म्हणजे आईची थोरली बहीण, जिने आईला लहानाचं मोठं केलं आणि जी माझ्या जन्माआधीच वारली. मी तिला पाहिलेलं नव्हतं, तिचा फोटोही कुणाकडे नव्हता. आई तिच्याशी तासन् तास बोले. जेवायला बसली की आधी ताटातला अर्धा घास दाराकडे सारून म्हणे, "तू खाय, मंग मी खाते." आणि खरंच, इतर वेळी चिमणीएवढं खाणारी आई अक्कासमोर पोटभर जेवायची. मी भोळी, मला वाटलं माझ्या हाताला चव आली.

मग अखजी आली. आमच्याकडे त्या दिवशी चुलीतल्या निखाऱ्यावर पितरांच्या नावाने घास ठेवतात, त्याला आगारी म्हणतात. माझ्याकडे चूल कुठली? आईचा हट्ट म्हणून मी गॅसवर करवंटी पेटवली, निखारे वाटीत घेतले आणि तिने सांगितलं तिथे, कपाटाच्या दारापुढे ठेवले. भर दुपार होती, उन्हामुळे खिडक्या लावलेल्या, पंखा बंद. आईने पुरणपोळीचा तुकडा आणि तूप वाहिलं. धूर वर गेला नाही. जमिनीलगत सरकत दाराला जाऊन लागला. आई कान देऊन बसली होती.

"अक्का म्हने, आपल्या घराची मांगची भीत पडली."

चार दिवसांनी चुलतभावाचं कार्ड आलं. स्वयंपाकघराची मागची भिंत अखजीच्या आदल्या रात्री बसली होती. कार्ड मी दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवून दिलं. आईला सांगायची गरजच नव्हती. त्यानंतर आठवडाभराने भाजी निवडता निवडता ती सहज म्हणाली, "अक्का म्हने, आता चाल मायासंगं."

आईला घेऊन जाणारं कुणीतरी मीच पैसे मोजून घरात आणलं होतं, चकचकीत पाहून निवडलं होतं, असं मला वाटलं. यांना सांगितलं तर हसले. मग आई डॉक्टरकडे गेलेली असताना मी मिस्त्रीला बोलावलं आणि दाराची चकाकी पॉलिशपेपरने घासून काढायला सांगितली. तो कळवळला. "ताई, नवा माल शे, वाया जाई." मी त्याच्या हातातून कागद घेऊन स्वतःच घासायला बसले. तासाभरात दार आंधळं झालं.

आई येऊन पाटावर बसली. दारावरून तळहात फिरवला, पुन्हा फिरवला. "अक्काले कुठी घातलं वं?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. त्या संध्याकाळपासून तिने अन्न सोडलं.

घास तोंडाशी नेला की मान वळवायची. डॉक्टर झाले, सलाईन झालं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अक्का तिला नेत नव्हती, अक्का तिला जेवू घालत होती. बाजूच्या चकचकीत दारांकडे ती बघेना, म्हणून मी धावत शेठकडे गेले. तो म्हणाला, "वहिनी, तो नंबर बंद झाला. जवळचा देतो." जवळचा म्हणजे तांबूस. सगळ्या काळ्या रांगेत ते एकच दार विटकं दिसायला लागलं, पण चमकत होतं. आईला मी त्याच्यासमोर आणून बसवलं. तिने नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "ही नही ती."

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले, हातात वरणभाताची वाटी. मला रडू आवरेना. डोक्यावरून पदर घेऊन मी तोंड लपवलं. आईने दाराकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम उजळला. "अक्का! आली का वं?"

"आली वं," मी म्हटलं. तो आवाज माझा नव्हता. धुळ्यात राहून माझी बोली केव्हाच गेली होती आणि असा जाड, घोगरा स्वर तर माझा कधीच नव्हता. आईने मात्र मान हलवली, ओळखीचा असावा तशी. "मी खाते, तू बी खाय," म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं.

त्यानंतर ती सात महिने जगली. रोज दुपारी मी पदर घेऊन तिच्यासमोर बसायची. तिने मला पुन्हा कधी माझ्या नावाने हाक मारली नाही. जेवण झालं की हात पुसताना तिचा एकच प्रश्न असायचा, "अक्का, मायी पोरगी कवा येईन वं? लई दिस झाले."

बायांनो, घर म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. आपली वाट बघत बसलेलं माणूस जिथे असतं ते घर. ते माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेलं होतं. आणि मी तिचे ओठ पुसून सांगायची, "निघाली हाये ती. येईनच आता."