दूध सोसायटीच्या कॅलेंडरवरचा भारद्वाज

आमच्या दूध सोसायटीचं कॅलेंडर दरवर्षी निघायचं आणि दरवर्षी त्यावर तीच गाय असायची. बाजारात तयार मिळणारी, गुबगुबीत, मागे बर्फाचे डोंगर. त्या दुष्काळाच्या वर्षी चेअरमन म्हणाले, "औंदा गाय नको. लोकांच्या दावणीला नुसती हाडं हायेत, आन भिंतीवर ही धष्टपुष्ट बया. लोक हासतील."

मी सोसायटीची सचिव होते. मी म्हटलं, मग भारद्वाज घ्या. सकाळी दिसला की दिवस चांगला जातो असं सगळेच मानतात, कुणाची हरकत येणार नाही. आणि चित्रकार आमच्या घरात फुकट आहे.

माझा नवरा उमापूरच्या बाजूला एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. लग्न झाल्यापासून मी त्याला पक्षीच काढताना बघत होते. चित्रं पलंगाखालच्या ट्रंकेत जायची. आपलं एखादं चित्र छापून यावं असं तो कधी तोंडाने बोलला नाही, पण पाहुणा आला की चहाच्या आधी ट्रंक बाहेर यायची, त्यावरून मला कळायचं.

त्याच्याकडे एक जाडजूड जुनं पुस्तक होतं, औरंगाबादच्या जुन्या बाजारातून आणलेलं. त्यात दूरदूरच्या जंगलांतल्या कोकिळा होत्या. एकीच्या डोळ्याभोवती निळं कडं, एकीची शेपटी विळ्यासारखी, आणि मागे हाताएवढी ओली हिरवी पानं. इतकं हिरवं काढायचं तर रंगाच्या किती बाटल्या लागत असतील, असं मला वाटायचं. त्याने त्यातली बहुतेक चित्रं उतरवून काढली होती. पण तोच मला दाखवायचा, "ही मेलेल्या, पेंढा भरलेल्या पाखरांवरून काढलीत. पाय बघ. फांदी धरलेली नाही, नुसते टेकवलेत." म्हणून कॅलेंडरचं काम आलं तेव्हा त्याने ठरवलं की भारद्वाज जिवंत बघूनच काढायचा. आधी फोटो, मग चित्र. जुना कॅमेरा त्याने शाळेतल्या एका शिक्षकाकडून घेतला.

जिवंत भारद्वाज त्या वर्षी एकाच ठिकाणी हमखास होता, आमच्या चारा छावणीत. माळावर सोसायटीची छावणी होती. मागे कोरडा ओढा, ओढ्यात वेड्या बाभळीचं रान. छावणीची पाण्याची टाकी गळकी, तिच्याखाली कायम चिखल, चिखलात किडे आणि बेडूक. पाखराला आणखी काय पाहिजे?

अडचण माणसांची होती. भारद्वाज दिसला की सगळी छावणी उठून उभी. हात जोडायचे, झोपलेल्याला हलवून उठवायचं, तान्ही पोरं कडेवर घेऊन पळत यायचं. ते पाखरू धड उडणारंही नाही, धावत झुडपात शिरायचं. नवऱ्याकडे नुसत्या विटकरी पंखांचे आणि काळ्या शेपटीचे फोटो जमले. शेवटी मी चारा वाटताना सांगून टाकलं, दर्शन ज्याने त्याने आपल्या दावणीपाशी बसून घ्यायचं. जो उठेल त्याला चारा सगळ्यांत शेवटी. दुसऱ्या दिवशी एकही माणूस उठला नाही.

झुडपाच्या सगळ्यांत जवळ एका म्हातारीच्या दोन म्हशी बांधलेल्या होत्या. ती नवऱ्याला दम द्यायची. "मास्तर, तुमी लई हलता. म्हशीकडं बगा, कशी गप हाय."

फोटो मिळाला. त्यावरून त्याने चित्र केलं आणि आम्ही ते कमिटीच्या बैठकीत टेबलावर ठेवलं. वाळकी काटेरी फांदी, तिच्यावर काळाभोर भारद्वाज, विटकरी पंख, लाल डोळा आणि चोचीत लोंबणारा सरडा.

चेअरमननी चोचीवर बोट ठेवलं. "गुरुजी, ह्ये तोंडात काय हाय?"

"सरडा."

"कावून?"

"तेच खातो तो."

"खाऊ द्या की. पर शुभ पाखरू हाय हे. बाया देव्हाऱ्याशेजारी कॅलेंडर लावत्यात. तिथं सरडा?"

एक सदस्य म्हणाला, "शेपूट तर अजून वळवळतंय." नवऱ्याला ती शाबासकी वाटली, तो हसला.

"त्यापरीस गवताची काडी द्या चोचीत," चेअरमन म्हणाले. "दुधाची सोसायटी हाय, चारा शोभंल. आन मागं जरा जंगल टाका, तुमच्या त्या बुकातल्यावानी."

"भारद्वाज गवत खात नाही," नवरा म्हणाला.

तोच सदस्य म्हणाला, "हितं गुरांला गवत न्हाई, पाखराला कुठून आणता?"

ठरलं असं की छपाईला द्यायच्या आत सरडा गेला तर ठीक, नाहीतर परत गाय.

घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, सरड्यावर ब्रश फिरवा. अर्ध्या तासाचं काम."

"मग चोच उघडी कशाला आहे?" तो म्हणाला. "सरड्याएवढीच उघडलीय ती. गाय छापा म्हणावं."

त्याने चित्र ट्रंकेत ठेवलं आणि ट्रंक पार भिंतीपर्यंत आत सारली. पुढच्या रविवारी माझा भाऊ आला, त्याच्यासमोरही ती बाहेर आली नाही. हे मला काही बरं दिसलं नाही.

काही दिवसांनी मी सकाळी छावणीत उसाची वाढी, म्हणजे शेंड्यांचा पाला, वाटून घेत होते. तेवढ्यात भारद्वाज झुडपातून चालत बाहेर आला, म्हशींच्या पायांमधून दावणीपर्यंत गेला आणि उसाचं एक वाळकं पान ओढायला लागला. पान त्याच्याहून लांब. ते तोंडात धरून, अडखळत, तो परत झुडपात गेला. जरा वेळाने पुन्हा आला.

मी शाळेत फोन लावला. "या इकडे. तुमचा पक्षी चारा नेतोय."

"भारद्वाज चारा—"

"खात नाही, माहितीय. नेतोय. या."

तो स्कूटरवर आला, बसून बघितलं आणि म्हणाला, "घरटं बांधतोय." खरं म्हणजे ही पाखरं पाऊस झाल्यावर घरटं करतात. हे बहुधा आमच्या गळक्या टाकीलाच पावसाळा समजलं होतं. म्हातारीने विचारलं तेव्हा तो तिला सांगायला लागला की हा कोकिळेच्याच कुळातला, पण हा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालत नाही, स्वतः बांधतो.

"मंजी त्या घराण्यात एक तरी कामाचं निपजलं," म्हातारी म्हणाली.

नवं चित्र त्याने पहिल्यापेक्षा लवकर केलं. चोचीत उसाचं लांब पान आणि पंजे मातीत नीट रुतलेले. चेअरमन खूश झाले. "आमचाच चारा चोरतंय व्हय? चोरू द्या. पर गुरुजी, जंगल ऱ्हायलं."

"आहे कुठं जंगल?" नवरा म्हणाला.

चेअरमननी खिडकीतून बाहेर माळाकडे बघितलं आणि मंजुरीची सही केली.

छापून आलं तेव्हा नवऱ्याचं पहिलं वाक्य, "डोळा फिका आलाय." मग त्याने कॅलेंडरांचा गठ्ठा स्कूटरला बांधला आणि चकलांब्याच्या सभासदांना वाटायला स्वतः निघाला. ते काम आमच्या शिपायाचं होतं. मी अडवलं नाही. दुपार उलटून गेल्यावर परत आला आणि जेवायला बसला. चकलांब्यात दूध घालणाऱ्या एका बाईने चित्र निरखून विचारलं होतं, "मास्तर, ह्यो नर का मादी?"

"दोघं सारखेच दिसतात, सांगता येत नाही."

"न्हाई, नरच हाय. एकच पान घेऊन चाललाय. बाईनं भारा नेला असता."

हे सांगताना त्याला हसून हसून ठसका लागला. मी पाणी दिलं आणि विचारलं, "आणि बाकीचे काय म्हणाले?" मग तो घराघरातलं सांगत बसला, कुणी कुठल्या भिंतीवर लावलं तेसुद्धा. संध्याकाळच्या दुधाला त्या दिवशी मला उशीर झाला.