भरल्या गाडीचं माप

इंजिन साखळीला टांगलेलं होतं आणि मी बायकोकडे कणिक मागत होतो. तिने विचारलं, भूक लागली का? म्हटलं, मला नाही, ट्रकला. तिने परातीतला एक गोळा तोडून दिला आणि तो परत घरात आणू नका, असं बजावलं.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. माझं गॅरेज वसईत, घराच्या मागेच. ट्रक गिरीजच्या इनासभाऊंचा, लिलावात घेतलेला, पेट्रोलवर चालणारा. आठ वाड्यांची केळी, भाजी आणि फुलं याच ट्रकने रोज दुपारी मुंबईला जायची. जुनं इंजिन थकलं होतं, म्हणून भंगारात निघालेल्या बसचं डिझेल इंजिन मी त्यात बसवत होतो. दहा दिवस झाले होते. तोवर वाडीवाले दुसऱ्याच्या टेंपोत मिळेल तेवढ्या जागेत माल धाडत, उरलेला वाडीतच सुकत होता. इनासभाऊ रोज सकाळी येत, दारात उभे राहत आणि न बोलता जात. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अडचण चेंबरची होती. इंजिनाच्या बुडाला पत्र्याचं एक भांडं असतं, त्यात ऑईल साठतं. गॅरेजात त्याला चेंबर म्हणतात. बसच्या चेंबरचा खोलगट भाग या ट्रकात नेमका पुढच्या अ‍ॅक्सलवर येत होता. अ‍ॅक्सल म्हणजे दोन्ही चाकांमधला आडवा लोखंडी दांडा. दोघांत फट किती राहते ते बाहेरून दिसत नाही. म्हणून अ‍ॅक्सलवर कणकेचा गोळा ठेवायचा, इंजिन खाली सोडायचं आणि पुन्हा उचलायचं. गोळा जेवढा जाड उरेल तेवढी फट. ही माझ्या उस्तादांची युक्ती.

गोळा दोन बोटं जाड उरला. चेंबर कापून बदलायचा म्हणजे आणखी दोन दिवस, ते वाचले. मी इनासभाऊंना सांगून टाकलं, उद्या गाडी भरा. इंजिन बसवून रिकामी गाडी चंदनसारपर्यंत फिरवून आणली. आवाज नाही, काही नाही. ट्रायल पास.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक माल भरायला गिरीजला गेला. मला हायसं वाटायला हवं होतं, पण चैन पडेना. हातात पाना घेतला, ठेवला. चहा समोर गार झाला. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. स्वतःवरच चिडचिड होत होती.

तीन वाजता बायकोला शाळेतून आणायला स्कूटर काढली. ती शिक्षिका. वह्यांचा गठ्ठा घेऊन मागे बसली आणि मडगार्ड चाकाला घासायला लागलं. रोजचंच होतं ते, स्प्रिंग म्हातारी झाली होती.

"एकटे असता तेव्हा कशी गुपचूप चालते," ती म्हणाली.

मी करकचून ब्रेक दाबला. ट्रक मोजला तेव्हा तो घोड्यांवर होता. घोडी म्हणजे लोखंडी टेकू. त्या मी चासीच्या सांगाड्याखाली लावल्या होत्या, म्हणजे चाकं अधांतरी आणि अ‍ॅक्सल खाली लोंबकळलेला. मी त्या लोंबत्या अ‍ॅक्सलपासूनची फट मोजली होती. गाडी जमिनीवर आली की स्प्रिंगा दबतात. माल भरला की आणखी दबतात. खड्डा आला की अ‍ॅक्सल उसळून वर येतो. चेंबर फुटला तर ऑईल रस्त्यावर आणि इंजिन पाच मिनिटांत जाम. इनासभाऊंकडे दुसरं इंजिन नव्हतं.

बायकोला तिथेच उतरवलं, रिक्षाने जा म्हटलं आणि गिरीज गाठलं. ट्रक साडेतीनला सुटायचा. वाटेत प्रत्येक ओला डाग मला ऑईलचाच वाटत होता.

ट्रक गावच्या क्रुसापाशी उभा होता, गच्च भरलेला, बॉनेटला हार. आठही वाड्यांची माणसं माना खाली घालून उभी होती आणि फादर प्रार्थना म्हणत होते. वाडीत नवं इंजिनसुद्धा आशीर्वादाशिवाय रस्त्याला लागत नाही. मी कोणाची पर्वा न करता सरळ ट्रकखाली शिरलो. चेंबर अ‍ॅक्सलला टेकला होता. पत्र्याला पोचा पडला होता आणि जोडातून ऑईलचा थेंब लोंबत होता. पुसायची राहिलेली थोडी कणिक मध्ये कागदासारखी चेपली होती. वाडीपासून क्रुसापर्यंतच्या एवढ्याशा रस्त्यात ही गत.

बाहेर आलो तेव्हा प्रार्थना थांबली होती. सगळे माझ्याकडे बघत होते.

"इनासभाऊ, गाडी हलवू नका. माझी चूक झाली. मी माप टांगलेल्या गाडीत घेतलं."

इनासभाऊंनी केळीच्या घडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मिस्त्री, आणखी किती दिवस?"

"दोन."

"चला, माल उतरवा," ते लोकांना म्हणाले. फादरांनी ट्रकसाठी आणलेलं पवित्र पाणी थोडं माझ्यावरही शिंपडलं. लोक हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. चेंबर कापला आणि खोलगट भाग अ‍ॅक्सलच्या मागे नेऊन वेल्डिंग केलं. ऑईल ओढणारा पाईप तेवढाच लांबवला. ऑईलची पातळी बघायच्या पट्टीवर नवी खूण केली. गाडी चाकांवर उभी केली आणि वजनासाठी रेतीच्या गोणी शोधायला निघालो, तर इनासभाऊ दारात होते. मागे आठ वाड्यांची पंचवीस-तीस माणसं.

"गोणी कशाला? वजन आणलंय," ते म्हणाले.

मी अ‍ॅक्सलवर कणिक ठेवली. माणसं ट्रकात चढली. मी सांगितलं, उड्या मारा. म्हाताऱ्यासुद्धा मारत होत्या. सगळे उतरल्यावर गोळा काढायला वाकलो, तर इनासभाऊ माझ्याआधी खाली शिरले होते. त्यांनी गोळ्याशेजारी स्वतःचं बोट धरून पाहिलं. एक बोट फट उरली होती. बाहेर येऊन त्यांनी कपडे झटकले आणि किल्ली मागितली.

त्या दिवसापासून माझ्याकडून एकही गाडी रिकामी मोजून गेली नाही. गॅरेजात सगळंच बसतं. माप घ्यायचं ते गाडी कामाला लागते त्या दिवसाचं.